बास गिटारचं दावं

विकावं कसं, ते माझ्याकडून शिकावं! उगाच फुशारकी मारत नाही. चौथीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही, पण केळीचा लोंगर असो, सोनचाफ्याची फुलं असोत नाहीतर दुभती गाय असो, लीलाबाईच्या दारातून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं आणि भरल्या खिशानं कधी परत गेलेलं नाही. म्हणून आमचा जितेश जेव्हा म्हणाला, "आई, शेवटची गिटार विकायचीय, तू मध्ये पडू नकोस," तेव्हा मी मनात म्हटलं, बघूच! मी मध्ये पडल्याशिवाय या घरात कढीसुद्धा उकळत नाही!

जितेश माझा एकुलता एक. अंधेरीला मोठ्या कचेरीत आहे, खूप शिकलेला आहे, आणि तिथंच घोळ झाला. शिकलेल्या माणसाला छंद लागतात. ह्याला लागला जुन्या बास गिटारींचा. जुन्या म्हणजे किती? माझ्या लग्नाच्याही आधीच्या! परदेशात जन्मलेल्या, अर्धं जग फिरून आलेल्या, आता शोधूनही न सापडणाऱ्या. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या खाटेखाली एखादी निघते, हा सुटीच्या दिवशी जाऊन घेऊन येतो, वर्षभर मांडीवर घेऊन कुरवाळतो आणि मग तसल्याच दुसऱ्या वेड्याला विकून तिसरी आणतो. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. सौदे मी लहानपणापासून बघितलेत. पण ज्याला चारा नको, जे दूध देत नाही आणि म्हातारं होईल तसा ज्याचा भाव चढतो, असं जनावर मी पहिल्यांदाच बघत होते!

"साठी उलटली की दुप्पट भाव होतो, आई," जितेश म्हणाला.

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची सत्तरी उलटलीय. म्हटलं, "ऐकलंत? तुम्ही गिटार व्हायला हवं होतं!"

ह्यांचं नाव नरहरी, पण लग्नानंतर एकदाही गुरगुरल्याचं मला आठवत नाही.

आता बास गिटार म्हणजे काय, ते सांगते, कारण मलाही ते कळायला दोन वर्षं लागली. दिसायला गिटारच. पण तारा चारच, आणि त्या तारा कसल्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या! मान एवढी लांब की जिराफानं खाली बघावं. नुसती वाजवली तर माठात शिरलेल्या डासासारखा आवाज. मी म्हटलं, ह्यासाठी एवढे पैसे? तेव्हा जितेशनं ज्यांच्याकडून ही गिटार घेतली होती, त्या बेसिलना घरी बोलावलं.

बेसिल पलीकडच्या गावातले. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत बँडमध्ये हीच गिटार वाजवायचे. आता बोटं संधिवातानं आल्याच्या गड्ड्यांसारखी झालीत, म्हणून विकली. त्या दिवशी त्यांनी गिटारची वायर आवाज मोठा करणाऱ्या एका काळ्या पेटीत खुपसली, डोळे मिटले आणि एक तार ओढली. एकच!

बायांनो, काय सांगू! आवाज कानात आलाच नाही. तो पायातून आला! फरशीतून वर चढला, पोटात गेला, छातीत बसला. फळीवरची पितळेची भांडी थरथरली. गोठ्यात कपिला रवंथ करायची थांबली. माझ्या हातातला चहा कपात गोल गोल फिरायला लागला. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्र दिसायच्या आधी अंगाला कळतो ना, तसं झालं. बेसिल वाजवत होते आणि त्यांची ती वाकडी बोटं सरळ झाल्यासारखी दिसत होती. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. आयुष्यात माझी बोलती बंद झाली असा तो दुसरा प्रसंग. पहिला सांगणार नाही.

तेव्हापासून मी त्या गिटारला मान द्यायला लागले. रोज तिच्या खोलीवरून जाताना पदर सारखा करून जायचे.

पण खोली हीच तर खरी अडचण होती! खाऱ्या हवेनं तारांना गंज चढतो आणि लाकूड फुगतं, म्हणून जितेशनं एक अख्खी खोली गिटारींना दिलेली. खिडक्या बंद, बारा महिने एसी, वर हवेतला दमटपणा पिऊन टाकणारं एक यंत्र. आम्ही बाहेर घामानं निथळतोय आणि ह्या बायका आत थंड हवेत झोपल्यात! आमची सून अश्लेषा पोटुशी होती, तरी तिच्या वाट्याला पंखाच. आठवा लागला आणि ती पहिल्या बाळंतपणाला नालासोपाऱ्याला आईकडे निघाली. जाताना उंबरठ्यावर उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "गिटारला एसी आणि बाळाला पंखा? मी परत येईन त्या दिवशी त्या खोलीत एक जरी गिटार दिसली, तर मी बाळाला घेऊन तशीच मागे फिरेन. आईकडे जागा आहे."

आईकडे जागा आहे! दीड खोल्यांचा फ्लॅट! पण आमच्या विहीणबाई सरोजिनी एवढं ऐकून अशा खूश झाल्या म्हणता! नात झाली, गोरीपान, नाक आमच्या घराण्याचं. मी बघायला गेले तर म्हणतात कशा, "राहू दे हो लीलाताई तिला इथंच. स्टेशन जवळ, दवाखाना जवळ. तुमच्याकडे काय, केळी आणि डास!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नात माझी, आणि वाढणार ह्यांच्या दीड खोलीत? छे! घरी आल्याबरोबर जितेशला सांगितलं, गिटारी काढ! त्यानं दोन विकल्या. राहिली बेसिलची. ती विकताना पोराचं तोंड असं झालं, जणू मीच त्याला सासरी पाठवतेय.

गिऱ्हाईक मिळालं. देवेंद्र नावाचा माणूस, कामणच्या रस्त्यावर गोदामं आहेत त्याची. एका गोदामात साबण, एकात बिस्किटं आणि एकात नुसत्या जुन्या बास गिटारी! येताना बेसिलनाही घेऊन आला, कारण जुन्या मालकाच्या तोंडून सगळा इतिहास ऐकायचा होता.

त्या माणसानं दारात बूट काढले. नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग जमिनीवर मांडी घालून बसला आणि गिटारची पेटी उघडली, तर आधी पेटीचा वास घेतला! डोळे मिटून! फणस पिकला का बघतात ना, तसा. मग एक डोळा मिटून मानेची सरळ रेघ बघितली. मी गाईची पाठ अशीच बघते. पाठीवर टिचक्या मारून आवाज ऐकला. बॅटरी लावून एकेक स्क्रू बघितला, अगदी दात बघावेत तसा. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. म्हटलं, "माणूस जाणता आहे हो!"

गिटारच्या अंगावर एका जागी रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं. गिऱ्हाइकाला खोट दाखवायची नसते, म्हणून मी पटकन पुढे होऊन त्यावर हात ठेवला. तर हा गडी डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "काकी, झाकू नका! इथं बेसिल अंकलचं मनगट टेकत होतं. ह्याच डागासाठी आलोय मी!"

मी हात काढून घेतला. तुम्हीच सांगा, टवका उडालेल्या कपाला नमस्कार करणारं गिऱ्हाईक कुणी बघितलंय? मी मात्र हात जोडले. डागाला नाही, त्याच्या भक्तीला.

मग भाव. जितेश तोंड उघडणार एवढ्यात मी त्याला गप्प केलं. म्हटलं, आमच्याकडे सौदा तोंडानं होत नाही. बाजारात रुमालाखाली हात धरतात, बोटांनी भाव सांगतात, आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. मी ह्यांचा पंचा आणला, ह्यांना देवेंद्रसमोर बसवलं आणि दोघांचे हात झाकले. देवेंद्रला वाटलं, काहीतरी पूजा आहे. त्यानं डोळे मिटले. ह्यांनी त्याची चार बोटं धरली. चार लाख! आता गिऱ्हाईक एक बोट सोडवून घेणार, मग आम्ही ताणणार, असा रिवाज. पण देवेंद्रला वाटलं, हात मिळवतायत. त्यानं भक्तिभावानं ह्यांचा अख्खा पंजाच दोन्ही हातांत धरून हलवला!

"पंजा!" मी ओरडले. "पाच! ठरलं!"

जितेश कपाळाला हात लावून समजावायला लागला. देवेंद्रला सगळं कळलं तेव्हा तो एकदा पंच्याकडे बघत राहिला, एकदा गिटारकडे. म्हणाला, "पाच तर पाच. अशा पद्धतीनं मी आजवर एकही गिटार घेतलेली नाही!"

आहे की नाही? गिऱ्हाईक आपण होऊन भाव चढवतं आणि वर खूशही होतं!

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. गाय ज्या दोरानं बांधतो तो दोर आपल्याच घरात ठेवायचा, घेणाऱ्यानं आपला दोर आणायचा. दाव्याबरोबर घरची बरकत जाते. माझ्या सासूनं सांगितलं, तिच्या सासूनं तिला सांगितलं. तेव्हा चहापाणी चाललं असताना गिटार पेटीत ठेवायचं काम मी अंगावर घेतलं आणि शोधलं, हिचं दावं कुठलं? सापडलं! गळ्यात अडकवायचा रुंद विणलेला पट्टा, लाल-पिवळ्या वेलबुट्टीचा, दोन्ही टोकांना चामड्याची जिभली. अलगद काढला, पदराखाली घेतला आणि पेटीचे खटके फटाफट लावले. देवेंद्रच्या हातात पेटी, पेटीवर हळदकुंकू, वर खाऊला सुकेळ्यांचा, म्हणजे आमच्या सुकवलेल्या केळ्यांचा पुडा. गाडी गेली. बेसिल गाडीत बसले नाहीत, ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभे होते.

आणि ते दावं मी काय केलं? वेडी नाही मी! ज्या दाव्यात घरची बरकत राहते, त्या दाव्यानं पुढचं जनावर बांधतात, म्हणजे ते घर सोडत नाही. मला कोण बांधायचं होतं? दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन नालासोपाऱ्याला गेले. विहीणबाईंनी छताच्या कडीला झोळी टांगली होती, नात आत झोपलेली. मी म्हटलं, "हा दोर काचतो हो, कडीला हा पट्टा लावा, मऊ आहे." विहीणबाईंनी पट्टा उलटसुलट बघितला. "डिझाइन जुनं आहे," म्हणाल्या. पण लावला. मी झोळीला एक झोका दिला आणि मनात म्हटलं, आता येत कशी नाही घरी ती!

तिसऱ्या दिवशी देवेंद्रचा फोन. जितेश फोन कानाला लावून पांढरा पडत गेला.

"आई, पट्टा! गिटारचा पट्टा पेटीत नाहीय!"

"मग? दुसरा घेईल. दुकानं ओस पडलीत का?"

"अगं, हॉटेलातल्या त्या जुन्या फोटोत बेसिल अंकलच्या गळ्यात हाच पट्टा आहे! गिटार, पेटी, पट्टा, तिन्ही एकत्र आहेत म्हणून तर तिची एवढी किंमत. तो म्हणतो, पट्टा नसेल तर शनिवारी गिटार परत आणून देतो! आणि रविवारी अश्लेषा येतेय!"

मी मनात हिशेब केला. गिटार परत आली की खोलीत गिटार, आणि खोलीत गिटार की सून आल्या पावली मागे! नात दीड खोलीत! पण पट्टा काढून आणावा, तर बांधलेलं सोडल्यासारखं. मग तर ती यायचीच नाही! इकडे आड नि तिकडे विहीर, आणि मध्ये मी लाडवांचा रिकामा डबा घेऊन!

"तू पाहिलास का पट्टा?" जितेशनं विचारलं.

"मला काय त्यातलं कळतंय!" मी म्हटलं. खोटं नाही बोलले. त्यातलं मला खरंच काही कळत नाही.

मग जितेशनं घर उलटंपालटं केलं. गाद्या उचलल्या, पिठाचे डबे हुडकले, ह्यांना दोनदा उठवून ह्यांच्या खाली बघितलं. पट्टा सोडून सगळं सापडलं. माझी हरवलेली कुडीसुद्धा! शेवटी त्याच्या डोक्यात आलं, त्या दिवशी बेसिल बराच वेळ गिटारजवळ एकटे बसले होते. त्यानं भीत भीत फोन लावला. "अंकल, चुकून म्हणजे अगदी चुकून, तो पट्टा तुमच्याकडे..."

पुढचं आम्हाला फोनशिवायही ऐकू आलं असतं.

शनिवारी संध्याकाळी देवेंद्र गिटार घेऊन हजर. लग्न मोडून मुलगी परत आणावी तसा चेहरा. त्याच्या मागोमाग स्कूटरवरून बेसिल, चर्चमधली मिस्सा आटोपून आलेले, अंगात कोट, मान ताठ.

"कोण मला चोर म्हणतो? समोर या!" ते अंगणातूनच ओरडले. "लीलाबाय, तुझ्या घरचं मीठ खाल्लंय मी! ह्या पोराला मी स्वतःच्या हातानं गिटार दिली, नि हा मला विचारतो पट्टा कुठंय?"

"अंकल, मी चोर नाही म्हटलं..."

"मग काय संत म्हटलंस?"

"बसा हो बेसिल," मी म्हटलं. "पाणी घ्या."

"पाणी नको! आधी माझी अब्रू दे!"

तो म्हातारा माणूस रागानं थरथरत होता, आणि मला बाई लाज वाटली. ज्यानं ती गिटार वाजवून माझी बोलती बंद केली होती, त्याच्यावर माझ्यामुळे आळ! मी सांगायला तोंड उघडलं. नेमका तेव्हाच जितेशचा फोन वाजला. अश्लेषाचा व्हिडिओ कॉल. "बघ ना, झोपेत कशी हसतेय तुझी लेक!"

जितेशनं फोन सगळ्यांसमोर धरला. झोळी दिसली. झोळीत माझी सोन्यासारखी नात दिसली. अश्लेषानं कॅमेरा हळूहळू वर नेला...

देवेंद्रच्या तोंडून असा आवाज निघाला की कपिलानं उत्तर दिलं!

"तो! तोच! वर, कडीला!"

सगळ्यांनी फोनकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हेसुद्धा! मी म्हटलं, "बघत काय बसलात? गाडी काढा."

गाडीत पुढे देवेंद्र, मागे मी, बेसिल आणि जितेश, आणि आमच्या मांडीवर आडवी गिटार, कारण तिला डिकीत ठेवणं देवेंद्रला पाप वाटतं. बेसिल कोटाचं बटण लावत आणि काढत होते.

विहीणबाईंनी दार उघडलं तर समोर चार माणसं आणि एक शवपेटीएवढी पेटी! त्या दोन पावलं मागेच सरल्या. देवेंद्रनं चपला काढल्या, थेट झोळीखाली गेला, गुडघे टेकले आणि हात जोडून वर बघत राहिला.

"हे कोण?" विहीणबाई माझ्या कानात. "बुवा आहेत का कुणी? बाळाचं भविष्य सांगतात?"

"अप्रतिम!" देवेंद्र पुटपुटला. "साठ वर्षं झाली, तरी रंग तसाच!"

"साठ?" विहीणबाई किंचाळल्या. "अहो, परवा महिना होईल तिला!"

शेवटी जितेशनं सगळं सांगितलं. अश्लेषा ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुम्ही पट्टा काढलात आणि इथं आणून बांधलात? का?"

आता काय लपवायचं? सांगितलं. दाव्याची रीत सांगितली. हेही सांगितलं की ह्या दाव्यानं बांधलं म्हणजे पोर आपल्याकडे येईल, इथं राहायची नाही. बोलताना आवाज जरा हलला माझा. पंख्याखाली उभी होते, त्यामुळे असेल.

विहीणबाई भिंतीकडे बघत होत्या. मग अश्लेषा म्हणाली, "आई, मला दाव्यानं ओढायची गरज नाही हो. मी म्हटलं होतं ना, खोली रिकामी करा. मी माझ्या पायानं येते."

आणि तेवढ्यात बेसिल हसायला लागले! आधी खोकल्यासारखं, मग असं की कोटाचं ते बटण उडून विहीणबाईंच्या फ्रीजवर आपटलं.

"लीलाबाय! तू दावं म्हणून ठेवलंस ना तो पट्टा? अगं, ते दावंच आहे!"

"काय?"

"हॉटेलात पहिला प्रोग्रॅम होता माझा. गिटार मिळाली होती, पट्टा नव्हता. खिशात छदाम नाही. माझी आई जुलियाना विहिरीवर गेली, रहाटाच्या बैलाच्या गळ्यातला पट्टा सोडला, घुंगरं उसवली, टोकाला चामडं शिवलं नि माझ्या गळ्यात घातला. म्हणाली, त्यानं एवढी वर्षं गोल गोल फिरून बाग भिजवली, आता तू उभा राहून वाजव. फोटोत तोच आहे. बैलाचा पट्टा!"

म्हणजे एवढ्या सगळ्या सामानात माझा हात नेमका बैलाच्या दाव्यावर पडला होता? माझ्या हाताला वास आला की काय? मला वाटलं, देवेंद्रचं तोंड आता उतरणार. परदेशी म्हणून डोक्यावर घेतलं आणि निघालं रहाटाचं! पण तो माणूसच निराळा. त्यानं पट्ट्याला हात लावला, नुसत्या एका बोटानं, आणि हळूच म्हणाला, "जगातल्या कुठल्याच गिटारला असा पट्टा नाही. अंकल, बैलाचं नाव काय होतं?"

"पाखऱ्या," बेसिल म्हणाले. आणि मग दोघंही डोळे पुसायला लागले! गोदामाचा मालक आणि कोटातला म्हातारा, माझ्या नातीच्या झोळीखाली, एका बैलासाठी! विहीणबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. त्यांना कशाचं रडू आलं, देव जाणे.

जितेशनं बेसिलचे पाय धरले. बेसिलनी त्याला पाठीत एक धपाटा दिला. मिटलं.

पट्टा मीच सोडला. कडीला विहीणबाईंच्या जुन्या लुगड्याचा पिळा बांधला आणि पट्टा देवेंद्रच्या हातात ठेवला. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. बाईचं मन किती मोठं, वगैरे. देवेंद्रनं पलंगावर गिटार काढून तिला पट्टा चढवला, नवरीला मंगळसूत्र घालावं तसा. मग विहीणबाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात चहाला बोलावलं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी बाळाजवळ थांबते.

आता खरं सांगते. दावं द्यावंच लागलं, तर रिकाम्या हातानं देत नाहीत. जनावराच्या शेपटीचे चार केस काढून घ्यायचे, म्हणजे बरकत तेवढ्यात राहते. पण गिटारला शेपूट कुठली? मी तिला सगळीकडून न्याहाळलं. स्क्रू घ्यावा तर देवेंद्रला प्रत्येकाचं तोंड पाठ. बटण घ्यावं तर लगेच दिसेल. आणि मग दिसलं! रुंद बाजूला तारांवर चकचकीत झाकण असतं ना, त्याच्या कडेखालून काळपट, कुजका असा स्पंज डोकावत होता, फाटक्या उशीतून कापूस यावा तसा. म्हटलं, चिंधी आहे, कुणाला काय हवी! दोन बोटांत धरली, ओढली, अख्खी बाहेर! पदराच्या गाठीत बांधली आणि चहाला गेले. विहीणबाईंच्या चहात साखर कमी होती.

रविवारी अश्लेषा आली. आपल्या पायानं आली, कुशीत नात, मागे विहीणबाई सामान घेऊन. मी भाकरतुकडा ओवाळला. सून आधी तडक त्या खोलीत गेली, चारी कोपरे बघितले, एसी लावला आणि दार आतून लावून घेतलं. ती आणि नात आत थंड हवेत, आम्ही बाहेर घामात! पण हा घाम निराळा बाई. ह्या घामात मी सबंध दुपार दाराबाहेर बसून काढली, आत पोर कण्हली तरी ऐकू यावं म्हणून. आणि स्पंजाचा तो तुकडा लाल फडक्यात शिवून पाळण्याच्या पायाला बांधून टाकला. आता बिशाद आहे कुणाची!

काल देवेंद्रचा फोन आला. मलाच मागितला त्यानं. आवाज असा, जणू देव बघून आलाय.

"काकी, चमत्कार झाला! पट्टा लावून गिटार वाजवली, तर तिचा आवाज बदललाय! आधी धप्प करून विझायचा. आता एक तार ओढली की आवाज जातच नाही! घुमतोय, घुमतोय, गोदामाचे पत्रे थरथरतायत! शेजारच्या गोदामातले हमाल काम सोडून बघायला आले. त्या पट्ट्यात काहीतरी आहे, काकी!"

"असणारच बाबा," मी म्हटलं. "पाखऱ्याचा आहे."

फोन ठेवला, तर मलाच राहवेना. बेसिल आमच्याकडे भाजी विकत घ्यायला आले होते, त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, गिटारच्या त्या झाकणाखाली स्पंज कशाला घालतात?"

"तो होय? आवाज दाबायला," बेसिल म्हणाले. "कंपनीनंच बसवलेला. तारा जास्त वेळ घुमू नयेत म्हणून. जुन्या गिटारींतून तो कधीच गळून जातो. माझ्या गिटारमधला तेवढा शाबूत आहे, म्हणून तर देवेंद्र तिच्यावर जीव टाकतो!"

मी भाजीचे पैसे घ्यायचे विसरले. बघा! लीलाबाई पैसे घ्यायला विसरली!

आणि आज सकाळी पुन्हा फोन. एवढा आवाज येतो कुठून, ते बघायला देवेंद्र गोव्याहून कुणी मोठा जाणकार बोलावतोय म्हणे. शनिवारी गिटार उघडणार, झाकणबिकण काढून सगळं तपासणार, आणि तिथून दोघं थेट माझे आशीर्वाद घ्यायला आमच्याकडे येणार.

तेव्हा तुम्हा सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवते. शनिवारी आम्ही घरात नाही. सगळी बाहेरगावी गेलोय. दारात चपला दिसल्या, आतून पोर रडताना ऐकू आली, तरीही गेलोय!